बेळगाव परिसरातील व्यसनमुक्ती उपचार : जवळ काय मिळते आणि काय मिळत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दारू सोडवण्याच्या उपचारांची चौकशी सुरू केली की सल्ले देणाऱ्यांची उणीव भासत नाही. कोणी एखाद्या खेड्यातल्या वैद्याच्या पुडीचे नाव सांगतो, कोणी घरी गाडी पाठवून रुग्णाला घेऊन जाणाऱ्या केंद्राचा नंबर देतो, तर कोणी थेट पुण्याचा रस्ता दाखवतो. बेळगावातल्या रुग्णालयांचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. माझ्या बहिणीच्या यजमानांसाठी, म्हणजे आमच्या दाजींसाठी, गेल्या काही महिन्यांत आम्ही यांपैकी बहुतेक पर्याय जवळून पाहिले आणि त्यांतले काही वापरले. त्यावरून बनलेले मत आधीच सांगतो. शरीरातून दारू उतरवण्याचा उपचार बेळगावातच करावा, त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. त्यानंतरचे समुपदेशन आणि पाठपुरावा मात्र मराठीत मिळेल अशी तजवीज कुटुंबालाच वेगळी करावी लागते, कारण या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली चांगल्या मिळणे या भागात अवघड आहे.

हे दोन भाग वेगळे का मानावेत, ते आधी पाहू. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली की सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येण्याची शक्यता असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काही रुग्णांना भास होऊ लागतात, दिवस-रात्रीचे भान राहत नाही आणि ते असंबद्ध बडबडू लागतात. डॉक्टर या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार न झाल्यास ती जिवावर बेतू शकते. आमच्याकडे नेमक्या याच टप्प्यावर घरचे लोक देवऋषाकडे धाव घेतात, कारण भिंतीवर किडे दिसणे किंवा नसलेल्या माणसाशी बोलणे हे त्यांना दारू सुटल्याचे नव्हे, बाहेरची बाधा झाल्याचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात या दिवसांत लागतात त्या डॉक्टरांनी मोजून द्यायच्या आणि हळूहळू कमी करत न्यायच्या क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारी परिचारिका. उपाशीपोटी पिणाऱ्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावणे मेंदूला घातक ठरू शकते, ही गोष्ट गल्लीतल्या दवाखान्यात सलाइन लावून घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवी.

या पहिल्या टप्प्यासाठी बेळगावात पुरेशी सोय आहे. बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसचे, म्हणजे सर्वजण ज्याला बिम्स किंवा सिव्हिल म्हणतात त्या सरकारी रुग्णालयाचे, आणि केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयाचे मानसोपचार विभाग शहरातच आहेत. तिथे यकृत, साखर आणि रक्तदाब यांच्या तपासण्याही होत असल्यामुळे रुग्णाला वेगवेगळ्या दारांत फिरवावे लागत नाही. खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे कर्नाटकातल्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ येण्याची व्यवस्था. आपल्या तालुक्यात कोणत्या मंगळवारी डॉक्टर येतात, हे आशा कार्यकर्तीला विचारले तर कळते. गुंतागुंत मोठी असेल तर सुमारे दीड तासाच्या अंतरावर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर व्यसनांच्या उपचारांसाठी स्वतंत्र केंद्रच आहे.

सरकारी बाह्यरुग्ण विभागाची मर्यादाही सांगायला हवी. तिथे गर्दी असते, एका रुग्णाच्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो आणि 'पुढच्या तारखेला या' एवढ्यावर बोलणे संपू शकते. तरीही लोक तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, हे अधिक मोठे दुखणे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचे आढळले, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक होता.

आता खासगी निवासी केंद्राविषयी. दाजींना रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर शहराबाहेरच्या ज्या केंद्रात आम्ही ठेवले, त्याचे नाव इथे देत नाही, पण त्याचे गुणदोष सविस्तर नोंदवतो, कारण अशी केंद्रे पाहताना कुटुंबांची नजर चुकीच्या गोष्टींवर जाते. इमारत नवी होती, अंगण स्वच्छ होते, जेवण साधे पण वेळेवर मिळे. सकाळी प्रार्थना आणि योगासने, दुपारी गटचर्चा, संध्याकाळी टीव्ही असा दिनक्रम फळ्यावर लिहिलेला होता आणि बव्हंशी पाळलाही जात होता. महिन्याचे शुल्क आमच्या भागातल्या शेतमजुराच्या महिन्याच्या मजुरीत मावणारे नव्हते, आणि औषधांचे पैसे वेगळे द्यावे लागले. एवढे देऊन मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत, तेही घाईत. गटचर्चा कानडीत चाले. दाजींना कानडी बाजारापुरते येते. भाव विचारणे आणि एसटीची चौकशी करणे वेगळे, आणि बापाच्या मृत्यूनंतर आपण का प्यायला लागलो हे पाच अनोळखी माणसांसमोर सांगणे वेगळे. समुपदेशक मनाने चांगले होते, मराठी समजून घेत, पण उत्तर द्यायची वेळ आली की कानडी-हिंदीची सरमिसळ होई आणि संभाषण दोन वाक्यांत आटपे. यात कोणाचा भाषिक दुराग्रह नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. शेजारच्या खाटेवरच्या बैलहोंगलच्या रुग्णाला तेच केंद्र मनापासून आवडले होते आणि त्याला बरेही वाटत होते.

त्या केंद्रातली सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र भाषेची नव्हती. पहिले पंधरा दिवस घरच्यांशी फोनवर बोलू द्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता, आणि स्वयंपाकघरातली कामे रुग्णांकडून 'सेवा' म्हणून करून घेतली जात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो आणि त्यात रुग्णाचे हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत. फोनवर बोलण्याचा हक्क त्याला आहे, त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, केलेल्या कामाचा योग्य मोबदला त्याला मिळाला पाहिजे, त्याचे डोके जबरदस्तीने भादरता येत नाही आणि त्याला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधता येत नाही. बहिणीने कायद्याचा उल्लेख करून शांतपणे विचारणा केल्यावर फोनचा नियम दाजींपुरता सैल झाला. इतरांसाठी तो तसाच राहिला असावा.

याच कायद्यामुळे 'घरी गाडी पाठवतो, तुम्ही फक्त दार उघडा' असे सांगणाऱ्या केंद्रांपासून दूर राहावे, असे माझे ठाम मत आहे. रुग्णाची स्वतःची संमती नसताना दाखल करायचे असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्यानुसार त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोन व्यावसायिकांनी त्याला दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. असे दाखल करणेही आरंभी ३० दिवसांपुरतेच असते. चार धिप्पाड माणसे येऊन पहाटे उचलून नेतात त्या व्यवहारात यातले काहीच घडत नाही. केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा, असे पहिल्याच भेटीत म्हणावे. नोंदणी असलेले लोक कागद काढून दाखवतात, नसलेले लोक 'आमच्यावर विश्वास नाही का' असे विचारतात. रात्री फेफरे आले तर कोण बघणार, कोणत्या रुग्णालयात नेणार आणि घरी गेल्यावर पाठपुरावा कोण करणार, हेही पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावे.

वैद्याच्या पुडीविषयी थोडक्यातच, पण कडक शब्दांत लिहावे लागेल. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर दिसतात, आणि असे चूर्ण जेवणात मिसळण्यात कित्येक घरांना गैर काही वाटत नाही. अशा पुडीत काय आहे हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. दारूची नावड निर्माण करणारे आधुनिक औषध, म्हणजे डायसल्फिराम, उपयोगी असते, पण रुग्णाला पूर्ण माहिती देऊन आणि त्याची संमती घेऊनच. ते पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो आणि कमकुवत हृदयाच्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. गोळीची माहितीच नसलेला माणूस दुपारी गुत्त्यावर जाऊन बसला तर काय होईल, याचा विचार पुडी कालवणाऱ्याने करावा. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट यांसारखी दारूची ओढ कमी करणारी औषधे मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, आणि ती चोरून द्यावी लागत नाहीत.

आपल्या भागात धर्मस्थळ ग्रामविकास योजनेच्या पुढाकाराने भरणारी मद्यवर्जन शिबिरेही बरीच परिचित आहेत. गावातल्या मंगल कार्यालयात आठवडाभर सगळ्यांना एकत्र ठेवतात, गावचेच लोक जेवणाची व्यवस्था पाहतात, शेवटी कुटुंबीयांसमोर शपथ होते आणि नंतर दारू सोडलेल्यांच्या नवजीवन समितीच्या बैठका चालू राहतात. गावाने उघडपणे पाठीशी उभे राहणे ही या शिबिरांची मोठी ताकद आहे, आणि बचत गटातल्या बायका नवऱ्यांना तिथे धाडतात त्यामागे तोच भरवसा असतो. वारकरी घरांत माळ घालून दारू सोडणाऱ्यांची परंपरा आहे, तिचेही बळ असेच आहे: माळ गळ्यात असेपर्यंत अख्खे गाव लक्ष ठेवते. मात्र ज्याचे हात सकाळी पेला धरण्याइतकेही स्थिर राहत नाहीत, ज्याला पूर्वी फेफरे आले आहे किंवा ज्याला कावीळ आहे, त्याने आधी रुग्णालयात दाखल व्हावे आणि नंतर शिबिराला किंवा दिंडीला जावे.

मराठीतून पुढचे काम कुठे करावे, या प्रश्नाचे आम्हाला सापडलेले उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट. त्यांच्या बैठकांना शुल्क नसते, नाव विचारले जात नाही आणि पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट असते. मराठीतून चालणारा गट दाजींना सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात मिळाला, आणि निवासी केंद्रात महिनाभर न उघडलेले तोंड तिथे लवकरच उघडले. बहिणीला स्वतःला आधार मिळाला तो पिणाऱ्यांच्या नातेवाईकांसाठी असलेल्या अल-अॅनॉनच्या विचारातून; नवऱ्याच्या बाटल्या लपवणे, त्याच्या मालकाला खोटी कारणे सांगणे हे तिने त्यानंतर बंद केले. दुसरा भाग पुण्याचा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे आजही मराठी कुटुंबांच्या तोंडी पहिले नाव आहे, आणि रुग्णाला मराठीतच मोकळे व्हायचे असेल तर ते रास्तही आहे. पण बेळगावहून पुणे सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे; पाठपुराव्यासाठी वरचेवर जाणे रोजंदारीवरच्या माणसाला झेपत नाही, हे हिशेबात धरूनच तो निर्णय घ्यावा.

फोनवरच्या सेवांपैकी १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क मदतवाहिनी आहे, तर १४४१६ ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा असून तिथे भाषा निवडता येते. चोवीस तास चालणाऱ्या या दुसऱ्या सेवेचा उपयोग रात्री रुग्णाची तलफ वाढल्यावर घरातल्या माणसाला धीर मिळावा म्हणूनही होतो. निपाणी ही तंबाखू आणि विडीची पेठ असल्यामुळे आमच्याकडे तंबाखूला कोणी व्यसन समजत नाही, पण दारू सोडलेले पुष्कळ जण त्याच सुमारास तंबाखू वाढवतात. त्यासाठी १८००-११-२३५६ ही वेगळी निःशुल्क वाहिनी आहे. गोव्यातली स्वस्त दारू चोर्ल्याच्या घाटातून ये-जा करणाऱ्या ट्रकचालकांच्या अगदी वाटेवर पडते, त्यामुळे तो व्यवसाय असलेल्या रुग्णाने निदान पहिले काही महिने दुसरा मार्ग किंवा दुसरे काम मागून घ्यावे, असा सल्ला आम्हाला रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दिला होता आणि तो मला योग्य वाटला.

दाजींना ठेवले त्या खासगी केंद्राला स्वच्छता आणि वागणुकीसाठी पाचपैकी तीन गुण देईन. वैद्यकीय देखरेख आणि पाठपुरावा यांसाठी एकापेक्षा अधिक देता येत नाही, कारण घरी सोडल्यावर त्यांचा एकही फोन आला नाही. कानडी सहज बोलणाऱ्या आणि शारीरिक त्रास आटोक्यात आलेल्या रुग्णाला ते चालेल. निघताना तिथून सुटीचा कागद मागून घ्यावा लागतो, तो आपणहून देत नाहीत. त्यावर औषधांची मूळ नावे, मात्रा आणि ती कधी कमी करायची हे स्वच्छ लिहून घ्यावे, म्हणजे पुढचे डॉक्टर बेळगावातले असोत की गडहिंग्लजचे, त्यांना उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत.