एस्वातिनीत हेल्थ सर्व्हेसाठी लोकल टीम घेतली होती, त्याचा रिव्ह्यू

ज्यांना एस्वातिनीत घरोघरी जाऊन हेल्थचा सर्व्हे करायचाय त्यांच्यासाठी लिहितेय (दक्षिण आफ्रिकेला लागून असलेला छोटा देश, आधीचं स्वाझीलँड, २०१८ मध्ये राजाने नाव बदललं). मी शोधत होते तेव्हा एक धड रिव्ह्यू सापडला नव्हता, जो तो "व्हेरी प्रोफेशनल टीम" एवढं लिहून मोकळा. तिथल्या मांझिनी शहरातली छोटी कंपनी आहे, सर्व्हेसाठी माणसं, गाड्या, टॅबलेट, परवानग्या आणि सिस्वाती या तिथल्या भाषेतलं भाषांतर असं सगळं पुरवते. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि देश १७,३६४ चौरस किलोमीटरचा, त्यात या लाईनमधले सगळे एकमेकांना ओळखतात. पाचपैकी साडेतीन स्टार, पण ते साडेतीन कसे झाले ते वाचा, कारण काही गोष्टींना मी सहा दिले असते आणि एका गोष्टीला शून्य.

आमचं काम होतं पन्नाशीच्या पुढच्या लोकांचं बीपी आणि शुगर, त्यातही जे कित्येक वर्षं एचआयव्हीची औषधं घेतायत त्यांचं. आता कोणी म्हणेल तिकडे जाऊन बीपी कशाला मोजता, तिकडे तर एचआयव्ही. अहो म्हणूनच! १९९२ मध्ये तिथे गरोदर बायकांच्या तपासणीत ३.९ टक्के पॉझिटिव्ह होत्या आणि २००४ मध्ये ४२.६ टक्के, म्हणजे बारा वर्षांत देशाचं काय झालं असेल बघा. त्यानंतर औषधं आली, लोक जगले. २०२१ च्या राष्ट्रीय सर्व्हेत (तिथे सगळे त्याला शिम्स थ्री म्हणतात) १५ च्या वरच्या लोकांत २४.८ टक्के पॉझिटिव्ह, म्हणजे अजूनही जगात सगळ्यात वरच्या देशांत, पण त्यातल्या साधारण ९४ टक्क्यांना आपलं स्टेटस माहीत होतं, त्यातले ९७ टक्के औषधावर आणि त्यातल्या ९६ टक्क्यांचा व्हायरस दाबलेला. हेच लोक आता म्हातारे होतायत आणि म्हातारपणाचे आजार घेऊन त्याच क्लिनिकच्या बाकावर बसतायत, एका रांगेत एचआयव्हीची गोळी मिळते आणि बीपीची गोळी आज संपलीय म्हणून सांगतात. तर ते मोजायला गेलो होतो.

आता टीमबद्दल. सगळ्यात भारी काय तर यांना माहितीय की इथल्या लोकांना सर्व्हेचा कंटाळा आलाय. शिम्स वन २०११ मध्ये, टू २०१६-१७ मध्ये, थ्री २०२१ मध्ये, मध्ये होहो भागात सगळ्यांना लगेच औषध सुरू करायची मॅक्सआर्ट नावाची मोठी ट्रायल, त्याशिवाय युनिसेफचे सर्व्हे, मलेरियावाले, टीबीवाले, आणि लोकसंख्या साधारण बारा लाख. पब्लिक एक्सपर्ट झालीय. लुबोम्बो भागात एका घरी आजी (तिकडे सगळ्या आज्यांना गोगो म्हणतात) संमतीचा कागद वाचून होईपर्यंत शांत बसल्या आणि मग म्हणाल्या, "ते मागचे पण रक्त घेऊन गेले पोरी, त्याचं काय निघालं ते कोणी सांगायला आलं नाही." मी गप्प, कारण माझ्या ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर नव्हतं. सुपरवायझर बाई चटईवर नीट बसल्या, टॅबलेट बाजूला ठेवला आणि तिथेच सांगायला लागल्या, की गोगो, २०११ ला १८ ते ४९ वयाच्या लोकांना जेवढ्या वेगाने नवीन लागण होत होती ना, ती पुढच्या पाचेक वर्षांत साधारण ४४ टक्क्यांनी कमी झाली, ते तुमच्यासारख्यांच्या रक्तावरूनच कळलं. दहा मिनिटं चाललं ते. आजींनी चार उलटे प्रश्न विचारले, त्यातला एक तर असा की आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्याने पण विचारला नसता, की मग आजारी लोकांचा आकडा एवढा मोठा का अजून? तर बाई म्हणाल्या की आधी माणसं मरायची म्हणून आकड्यातून जायची, आता जगतात म्हणून आकड्यात राहतात. मला हे प्रेझेंटेशनमध्ये तीन स्लाईड लागतात. मग आजींनी हात पुढे केला.

हे टीमच्या कोटेशनमध्ये कुठे लिहिलेलं नसतं बरं का. कोटेशनमध्ये "कम्युनिटी एंट्री" अशी एक ओळ असते आणि तुम्ही विचार करता की हे काय उगाच पैसे काढायचे धंदे, कापून टाका. कापू नका. देशातली बरीचशी जमीन राजाच्या नावाने राखलेली आणि ती वाटायचं काम गावच्या प्रमुखांचं, त्यामुळे सरकारच्या हेल्थ रिसर्च रिव्ह्यू बोर्डाचं मंजुरीपत्र खिशात असलं तरी गावात पाय टाकायच्या आधी उम्फाकात्सीला, म्हणजे प्रमुखाच्या वाड्यावर जावं लागतं. तिथे आधी इंद्वुना भेटतो, प्रमुखाचा कारभारी समजा, त्याला कोण, कुठून, कशासाठी हे सगळं सांगायचं, बायकांनी स्कर्ट घालायचा, डोकं झाकायचं, खुर्ची दिली तरी आजूबाजूच्या बायका चटईवर बसल्या असतील तर आपण पण चटईवर. टीमने मला आदल्या दिवशी गाडीतच एक कापड दिलं होतं कमरेला गुंडाळायला, न विचारता. आणि त्यांनी तारीख आधीच अशी धरली होती की प्रमुखाच्या ठरलेल्या बैठकीच्या दिवशीच पोचलो, नाहीतर मग पुढच्या बैठकीपर्यंत गाडीचं भाडं चालू आणि काम बंद. बिग बेंड, सिमुन्ये साईडला उसाच्या इस्टेटी आहेत तिथे मात्र हा सगळा प्रकार नाही, तिथे कामगार कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात आणि इस्टेटच्या ऑफिसचं वेगळं पत्र लागतं. ते पत्र त्यांनी महिनाभर आधी लावून ठेवलं होतं, इथे खरंच सलाम.

कॅलेंडर हा दुसरा मोठा फायदा. मी फेब्रुवारी धरला होता, त्यांनी पहिल्याच कॉलवर नाही म्हणून सांगितलं. का, तर तेव्हा मारुलाची फळं पिकतात आणि घरोघरी बुगानू बनते, म्हणजे त्याची दारू, खासकरून खालच्या उष्ण भागात. लोक घरी सापडतात पण बीपी कोणाचं मोजणार तुम्ही, त्या माणसाचं का बुगानूचं? ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरच्या सुरुवातीला उम्हलांगा, म्हणजे लग्न न झालेल्या मुलींचा नाचाचा सण असतो, पोरी तिकडे जातात, आम्हाला पोरी नको होत्या म्हणून ते चाललं असतं, पण गाड्या मिळत नाहीत म्हणाले. डिसेंबर-जानेवारीत इंक्वाला, म्हणजे राजाचा मोठा वार्षिक सोहळा, आणि वर पाऊस, दक्षिणेतल्या शिसेल्वेनी भागाच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी रुतते. शेवटी जूनमध्ये गेलो, कोरडा थंड सीझन, उंचावरच्या म्बाबाने शहरात सकाळी स्वेटर आणि खाली लुबोम्बोत दुपारी नुसता शर्ट.

मोजण्याच्या क्वालिटीबद्दल लिहिते कारण शेवटी पैसे त्याचे असतात. डब्ल्यूएचओच्या स्टेप्स नावाच्या सर्व्हे पद्धतीत माणसाला आधी १५ मिनिटं शांत बसवायचं, मग तीन रीडिंग, प्रत्येक दोनमध्ये तीन मिनिटं थांबायचं, आणि पहिलं सोडून नंतरच्या दोनची सरासरी धरायची. कागदावर सोपं. प्रत्यक्षात बाई डोक्यावर पाण्याचा वीस लिटरचा कॅन घेऊन चढावरून आलेली असते, तिला शेळ्यांकडे बघायचंय, चूल पेटवायचीय, आणि ती म्हणते लवकर उरका. आमच्यातली एक मुलगी होती, पंचविशीची असेल, ती काय करायची तर आधी प्रश्नावलीतले शेतीचे, घराचे, रेडिओ-फ्रीजचे सगळे कंटाळवाणे प्रश्न बसवून विचारून घ्यायची, त्यात बरोबर पंधरा-वीस मिनिटं जायची आणि मग बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) काढायची, बाईला कळायचं पण नाही की तिला विश्रांती दिली. जाड दंडाला मोठा कफ, हात टेबल नसेल तर घडी केलेल्या ब्लँकेटवर, पाय एकावर एक टाकले असतील तर हसून सरळ करायला लावायचे. मी तिच्या मागे उभं राहून वही काढली नोट्स घ्यायला, इतकं मस्त.

आणि आता शून्य स्टारवाली गोष्ट. त्याच टीममधला दुसरा एक मुलगा तिसरं रीडिंग घेतच नव्हता. दुसऱ्याचा आकडा एक-दोनने इकडे-तिकडे करून टाकायचा. पकडलं कसं, तर टॅबलेटवर प्रत्येक उत्तराची वेळ पडते आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रीडिंगमध्ये तीन मिनिटांच्या जागी अकरा सेकंद, नऊ सेकंद, असं. हे मी रात्री गेस्टहाऊसमध्ये बसून काढलं, कंपनीच्या डेटावाल्याने नाही, आणि कोटेशनमध्ये "डेली क्वालिटी चेक" चे पैसे वेगळे लावलेले होते! विचारलं तर म्हणे आम्ही आठवड्याला बघतो. मग डेलीचे पैसे कशाचे? मुलाला काढलं त्यांनी, त्याची घरं परत केली, ते पण स्वतःच्या खर्चाने, हे मान्य. पण मी बघितलं नसतं तर कोणी बघितलं नसतं. तुम्ही यांना घेतलंत तर करारातच लिहून घ्या की रोज संध्याकाळी वेळेसकट कच्चा डेटा तुमच्याकडे आला पाहिजे, तोंडी चालणार नाही.

दुसरी तक्रार गाडीची. भाडं दिवसाचं वेगळं आणि किलोमीटरचं वेगळं. देश छोटा म्हणून मी किलोमीटर हलक्यात घेतले, पण गाडी रोज मांझिनीहून निघून मांझिनीलाच परत यायची, ड्रायव्हर शिसेल्वेनीत मुक्काम करत नाही, त्यामुळे न्ह्लांगानोला रोज जा-ये आणि मीटर पळतोय. तिथे मुक्कामाची सोय आपणच करून दिली तर स्वस्त पडतं. पेमेंट एमालांगेनीत (तिथलं चलन) किंवा दक्षिण आफ्रिकेच्या रँडमध्ये, दोन्ही एकास एक असल्यामुळे फरक पडत नाही, फक्त उरलेले एमालांगेनी देश सोडायच्या आधी संपवा, बाहेर बदलून घेताना डोक्याला ताप.

ड्लामिनी प्रकरण पण सांगते, चूक कोणाची नाही पण तयारी ठेवा. आम्हाला सर्व्हेतली माणसं क्लिनिकच्या रेकॉर्डशी जुळवायची होती (संमती घेऊन अर्थात). ड्लामिनी हे राजघराण्याचं आडनाव आणि देशात ज्याला दगड मारावा तो ड्लामिनी. एकाच गावात एकच नाव, तेच आडनाव, जन्मसाल पण जवळपास, अशी माणसं. नावावरून जुळवणं विसरा, ओळखपत्राचा नंबर घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांकडे कार्ड कुठल्यातरी पेटीत तळाशी असतं तर त्याला वेळ द्या. सुपरवायझर बाईंनी हे ट्रेनिंगच्या आधीच सांगितलं होतं आणि आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना त्यांच्यामुळेच आला. शिवाय ड्लामिनी भेटला की त्या "न्कोसी" म्हणून हाक मारायच्या, तो कुळाचा मान आहे, आणि समोरचा लगेच खुलायचा.

भाषांतर ठीकठाक. डेटा हातात यायला मात्र उशीर, आणि कोडबुक (कुठला आकडा म्हणजे कुठलं उत्तर त्याची यादी) त्याच्याही नंतर, दोनदा आठवण केल्यावर, त्यातही "माहीत नाही" आणि "उत्तर दिलं नाही" दोन्हीला एकच कोड. ते मी परत पाठवलं, दुरुस्त होऊन आलं.

कोणाला घ्यावी? पहिल्यांदा जाताय आणि तिथे ओळखी नाहीत तर नक्की घ्या, पण सुपरवायझर कोण येणार ते नावासकट करारात घाला, कारण कंपनी म्हणजे त्या दोन-तीन बायकाच आहेत, बाकी पोरं प्रत्येक प्रोजेक्टला नवीन. तुमच्याकडे आधीच लोकल युनिव्हर्सिटीचे पार्टनर असतील तर नुसती कम्युनिटी एंट्री आणि ट्रेनिंग घ्या, गाड्या दुसरीकडून. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली तेव्हापासून बरीच शिकलेली, शिम्सवर काम केलेली माणसं प्रोजेक्टमधून बाहेर पडलीयत, त्यामुळे चांगले लोक मिळतायत. त्याचा फायदा घेऊन रेट पाडू नका, पण नवशिके पाठवले तर ऐकून पण घेऊ नका. जून-जुलैच्या तारखा लवकर भरतात, फेब्रुवारी-मार्चमध्येच फोन करा, ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो, व्हॉट्सॲपला लगेच येतं.