टायपिंग क्लाससाठी घेतलेला जुना 'टायनी'

लेनोव्होचे थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी हे छोटे कॉम्प्युटर, रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेले, तपासून पुन्हा विकलेले), आठ नग. कराडला माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे, तिच्यासाठी घेतले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचे जुने टॉवर, म्हणजे उभे मोठे कॉम्प्युटर, विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. आठही नवे कोरे घेणं मुलांच्या फीवर चालणाऱ्या क्लासला झेपणारं नाही.

दुकानात विचारलंत तर आधी इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरचं मशीन पुढे करतात. "मॅडम, आय-फाइव्हच्या भावात आय-सेव्हन देतो, घेऊन टाका!" स्टिकर चकचकीत, आत मात्र ४७७०, म्हणजे २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठवी पिढी आणि तिच्या पुढचेच प्रोसेसर आहेत. दुकानदार जुन्यावरही अकरा चढवून देतात, चालतंही. उद्या अपडेट अडला की निस्तरायचं आपण. म्हणून आय-थ्री, फाइव्ह, सेव्हन यांच्या नादी न लागता पुढचा आकडा विचारायचा. माझ्या मशीनमध्ये आय-फाइव्ह ८५००टी आहे. २०१८ चा, सहा कोअरचा.

त्या शेवटच्या 'टी'साठीच, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या प्रकारासाठीच, मी अडून बसले होते. हा प्रोसेसर ३५ वॅटचा, तो ४७७० तब्बल ८४ वॅटचा. आमच्याकडे वीज जाते ती नेमकी बॅच चालू असताना, आणि मुलगी स्पीडचा उतारा अर्ध्यावर टाइप करत असते. पूर्वी यूपीएस दोन-चारदा ओरडून मान टाकायचा. आता एकाच यूपीएसवर दोन मशीन लावलीत, तरी उतारा पुरा होऊन सेव्ह करायला वेळ उरतो. मला विचाराल तर पैसे इथेच वसूल झाले.

आकार जाडजूड वहीएवढा. मॉनिटरच्या पाठीला ब्रॅकेटने बसतो, त्यामुळे टेबलावर उताऱ्याची कॉपी ठेवायला जागा झाली. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं. रॅम लॅपटॉपची लागते, दोन स्लॉट आहेत. आठ जीबी घेणार असाल तर चार-चारच्या दोन पट्ट्या मागा, ग्राफिक्सला तेवढाच हात मिळतो. चार्जर बाहेरचा, चौकोनी पिनचा. तशाच पिनचा लेनोव्होच्या लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर चालतो, म्हणून एक जास्तीचा कपाटात ठेवलाय.

पैसे देण्याआधी तिथेच मशीन चालू करून बघा. एका दुकानात बायॉस (विंडोजच्या आधीची मशीनची मूळ सेटिंग्ज) उघडायला गेले तर आधीच्या ऑफिसचा पासवर्ड तसाच! "नंतर काढून देतो" म्हणाले, मी तो नग बाजूला काढला. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, किती तास वापरली गेलीय ते क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकलं की दिसतं. विंडोज ॲक्टिव्हेट असल्याचं ते तोंडी सांगतात. आपण सेटिंग्जमध्ये जाऊन बघायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं. बिल जीएसटीचंच. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी कोण देणार?

बाकी टायपिंगला प्रोसेसर लागतो किती! उरलेले पैसे मी कीबोर्डवर घातले. बरोबर फुकट मिळाले ते सपाट, मऊ बटणांचे होते, बोट कुठे पडलं ते कळत नाही. रेमिंग्टन ही टायपिंगची बटणमांडणी शिकणारी मुलं बटणाकडे बघत नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही. त्यांना एफ आणि जेवरचा उंचवटा बोटाला लागला पाहिजे. टीव्हीएस गोल्ड घेतले, मेकॅनिकल. महाग आहेत आणि खटखट एवढी की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बघून गेले. पण मॅन्युअल मशीनवर शिकलेल्या माझ्यासारखीला तो आवाज हवासाच वाटतो. आठही जण एका लयीत असले की मागे उभं राहूनही कोण अडखळतंय ते कळतं.

घरी घेणाऱ्यांसाठी: बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, यूट्यूब, डीटीपीचं हलकंफुलकं काम, सगळं निवांत होतं. गेम खेळणाऱ्या मुलासाठी घेऊ नका. नेहमीचं ग्राफिक्स कार्ड यात मावत नाही, नंतर तो मुलगा तुमचं डोकं खाईल. वायफाय सगळ्याच नगांत नसतं, माझ्या तिघांत नव्हतं. मला केबल पुरते, तुम्हाला लागणार असेल तर आधीच विचारा.