परदेशातल्या घरच्या माणसासाठी स्वतःचा सर्व्हर : ‘आउटलाइन’चे परीक्षण

चीनमध्ये राहणाऱ्या माणसाला व्हॉट्सॲप वापरता येत नाही आणि गोव्यात बसलेल्या त्याच्या आईला वीचॅट वापरता येत नाही. पहिली बंदी तिथल्या सरकारची आहे. फेसबुक तिथे जुलै २००९ पासून बंद आहे, व्हॉट्सॲप सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्णपणे बंद झाले आणि विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्या, म्हणजे आपली मराठी आवृत्तीसुद्धा, एप्रिल २०१९ पासून उघडत नाहीत. दुसरी बंदी आपल्या सरकारची आहे. २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखाली जी ५९ चिनी ॲप बंद करण्यात आली, त्यांत वीचॅटही होते. या दोन निर्णयांच्या मध्ये जी कुटुंबे सापडली, त्यांतले एक आमचे आहे. माझा धाकटा भाऊ वास्कोला जहाजबांधणीचे काम शिकला आणि आता चीनच्या झौशान बेटांवरील जहाजदुरुस्तीच्या यार्डात देखरेखीचे काम करतो. आई आणि मी फोंड्याला असतो. दोन्ही टोकांना आयफोन असता तर फेसटाइमवर काम भागले असते, कारण ते चीनमध्ये चालते. पण आईच्या हातात साधा अँड्रॉइड फोन आहे आणि तो बदलायला ती तयार नाही.

आधी आम्ही एका मोठ्या व्हीपीएन कंपनीचे, म्हणजे दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्फत इंटरनेटला जोडून बंदी चुकवणाऱ्या सेवेचे, वर्षभराचे पैसे एकदम भरले होते. काही महिने ते बरे चालले. मग तिथे एक महत्त्वाचे राजकीय अधिवेशन सुरू झाले, देखरेख कडक झाली आणि कंपनीचे सर्व्हर एकामागून एक बंद पडले. कंपनीकडे तक्रार केली तेव्हा ‘दुसरा देश निवडून पाहा’ एवढेच उत्तर पुनःपुन्हा आले. पैसे परत मिळाले नाहीत. कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण हे एकाच कंपनीपुरते नाही. हजारो ग्राहक ज्या थोड्या इंटरनेट-पत्त्यांवरून बाहेर पडतात, ते पत्ते ओळखून अडवणे कोणत्याही सरकारी यंत्रणेला सोपे जाते. त्यानंतर आम्ही ‘आउटलाइन’कडे वळलो.

आउटलाइन हे गूगलच्या जिगसॉ या विभागाने २०१८ मध्ये आणलेले मोफत, मुक्तस्रोत साधन आहे. याची कल्पना नेहमीच्या व्हीपीएनपेक्षा वेगळी आहे. इथे कोणतीही कंपनी तुम्हाला सेवा विकत नाही. तुम्ही स्वतः कुठेतरी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेता, त्यावर आउटलाइन बसवता आणि आपल्या माणसांना त्या सर्व्हरच्या किल्ल्या देता. आतला गाभा शॅडोसॉक्स या प्रोटोकॉलचा, म्हणजे माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा, आहे. तो २०१२ मध्ये एका चिनी प्रोग्रामरने नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून लिहिला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी सांगितल्यावर त्याला आपला कोड इंटरनेटवरून काढावा लागला, पण तोवर तो जगभर पसरला होता आणि इतरांनी तो पुढे वाढवला. मला याविषयी मनापासून आदर वाटतो. आपल्या घरातले बोलणे आज त्या अनोळखी माणसाच्या कामावर चालले आहे, ही जाणीव हे साधन वापरताना राहते.

बसवण्याचे काम मी फोंड्यातून केले, भावाने नव्हे, आणि ते तसेच करावे असे माझे मत आहे. माझ्या लॅपटॉपवर ‘आउटलाइन मॅनेजर’ घेतला, डिजिटलओशन या क्लाउड कंपनीचे खाते त्याला जोडले आणि शहरांच्या यादीतून सिंगापूर निवडले. काही मिनिटांत सर्व्हर उभा राहिला आणि पडद्यावर पहिली किल्ली आली. ही किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. भावाच्या फोनमधल्या आउटलाइन ॲपमध्ये ती चिकटवली की वर्तुळाच्या चिन्हावर एकदा दाबून जोडणी होते. वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, ईमेल यांपैकी काहीही विचारले जात नाही. मॅनेजरमध्ये प्रत्येक किल्लीला नाव देता येते. मी ‘धाकटा, फोन’ आणि ‘धाकटा, लॅपटॉप’ अशी नावे दिली आहेत. त्या नावांपुढे मागच्या तीस दिवसांत किती डेटा गेला तेवढे दिसते; तो कोणत्या साइटवर गेला हे दिसत नाही आणि दिसूही नये. एखादा फोन हरवला तर त्याची किल्ली पुसून टाकता येते आणि बाकीच्या किल्ल्या चालू राहतात.

सिंगापूरच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण यादीत बंगळूरही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतातील डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांचे नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा उद्देश ही माहिती पाच वर्षे जपून ठेवायची आहे. याच कारणाने त्या वर्षी अनेक परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. आमच्यासारख्यांना लपवण्यासारखे काही नसते, परंतु आईशी बोलण्यासाठी उघडलेल्या वाटेची नोंद कोणाच्या तरी कपाटात पाच वर्षे पडून राहावी, हे मला पटत नाही. बंगळूरचा सर्व्हर मी फक्त एका कामासाठी उघडते. आपली काही सरकारी संकेतस्थळे आणि बँकांची पाने भारताबाहेरच्या पत्त्यावरून उघडतच नाहीत, आणि भावाला कधी घरपट्टी भरायची असते, कधी विजेचे बिल पाहायचे असते. तेवढ्यापुरता बंगळूरला दुसरा सर्व्हर उभा करायचा, काम झाले की काढून टाकायचा. भाडे वापरलेल्या वेळेचेच लागत असल्याने हे अगदी स्वस्तात होते.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे हे चालते किती. व्हॉट्सॲपवरचे साधे बोलणे स्वच्छ ऐकू येते, कारण आउटलाइन आवाजासाठी लागणारी यूडीपी वाहतूकही पुढे पाठवते. स्वस्त प्रॉक्सी साधने इथेच मार खातात. जीमेल आणि विकिपीडिया उघडायला अडचण नाही. व्हिडिओचे मात्र तसे नाही. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथे रात्री आठ ते अकरा या वेळेत देशाबाहेर जाणाऱ्या जोडण्या तुंबतात, आणि आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच ते साडेआठ वाजलेले असतात. चवथीच्या दिवसांत आमच्याकडे आरती नेमकी याच वेळात असते. आईने फोन माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीकडे, धरला की तिकडे कांगल्या, सुपारीचे कात्रे आणि तोरिंजन यांचा नुसता हिरवा-पिवळा धब्बा दिसतो, समईची ज्योत तेवढी ओळखता येते. आवाज मात्र येत राहतो आणि भाऊ तिकडून टाळ्या वाजवतो ते ऐकू येते. सकाळच्या पूजेला हाच व्हिडिओ इतका स्पष्ट असतो की गणपतीच्या हातातला मोदक मोजून घ्यावा. म्हणून आम्ही चवथीचा मुख्य कॉल आता सकाळीच करतो.

तिथली यंत्रणा स्वस्थ बसलेली नाही, हे आउटलाइन घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. शॅडोसॉक्सची वाहतूक पूर्णपणे सांकेतिक असते, तिच्यात ओळखीचे काहीच नसते, आणि एक काळ तेच तिचे बळ मानले जाई. नोव्हेंबर २०२१ पासून चीनने हेच बळ उलटवले. भरबाजारात तोंड झाकून फिरणारा माणूसच पोलिसाच्या पहिल्यांदा नजरेत भरावा, तसे ‘ओळखीच्या कोणत्याही प्रकारात न बसणारे’ कनेक्शनच तोडले जाऊ लागले. संशोधकांनी २०२३ मध्ये या गाळणीचे नियम शोधून प्रसिद्ध केले. कनेक्शनच्या सुरुवातीचे सहा बाइट साधी वाचनीय अक्षरे असली, किंवा सुरुवात नेहमीच्या सुरक्षित वेबपानासारखी दिसली, तर गाळणी त्याला जाऊ देते. आणि हा सगळा तपास प्रामुख्याने परदेशातल्या लोकप्रिय डेटा सेंटरांच्या पत्त्यांवर चालतो. यावर आउटलाइनने ‘प्रीफिक्स’ची सोय दिली. किल्लीच्या शेवटी एक छोटा तुकडा जोडला की वाहतुकीचे पहिले बाइट ओळखीच्या प्रोटोकॉलसारखे दिसतात. ही सोय मॅनेजरच्या पडद्यावर बटणाच्या रूपात मिळत नाही, हाताने जोडावी लागते, आणि माझ्या दृष्टीने या साधनातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. ज्यांना याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत ती आपसूक पोहोचायला हवी होती.

एवढे करूनही सर्व्हरचा पत्ता कधीतरी अडवला जातो. तेव्हा जुना सर्व्हर काढून नवा उभा करायचा आणि नवी किल्ली पाठवायची, हे काम चहा उकळेपर्यंत होते. मात्र नवी किल्ली पाठवायची कोणत्या वाटेने, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. व्हॉट्सॲप बंद, जीमेल बंद, सिग्नल हे ॲप मार्च २०२१ पासून बंद. आम्ही भावाच्या यार्डाचा कार्यालयीन ईमेल त्यासाठी धरून ठेवला आहे. त्याहून खात्रीची वाट म्हणजे भारतीय सिमकार्डाचे रोमिंग. रोमिंगमधला डेटा आधी आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यात परत येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो, त्यामुळे चीनमध्ये उभे राहूनही व्हॉट्सॲप सरळ चालते. ते महाग पडते, म्हणून रोजच्या बोलण्यासाठी नव्हे. परंतु अडल्या वेळी किल्ली उतरवून घेण्यासाठी ते सिम चालू ठेवणे भागच आहे. चारआठ दिवसांसाठी जाणाऱ्याने तर सर्व्हरच्या भानगडीत न पडता रोमिंगच घ्यावे.

खर्च फारसा नाही. १ जीबी मेमरीचा छोटा सर्व्हर महिना ६ डॉलरला मिळतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून साधारण ६०० रुपये, आणि त्यात १००० जीबी डेटा येतो, जो एका घराला उरून राहतो. पैसे दरमहा आपोआप कापले जातीलच असे नाही, कारण परदेशी कंपन्यांना असे पैसे देताना आपल्या बँकांची कार्डे अडतात. माझ्या बँकेने एकदा काहीही न कळवता व्यवहार नाकारला आणि सर्व्हर बंद होण्याची सूचना आली. तेव्हापासून मी खात्यात थोडे पैसे आगाऊ भरून ठेवते.

गोव्यातल्या वाचकांचे नातेवाईक चीनपेक्षा आखातात जास्त, त्यामुळे ‘हेच दुबईला चालेल का’ असे मला विचारले जाते. तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण मी ते कोणालाही करून देत नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलणाऱ्याला कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहे. व्हीपीएनचा वापर मुळातच गुन्हा नाही आणि तिथल्या कंपन्या व बँका तो करतात. परंतु तिथे बंद केलेल्या व्हॉट्सॲप कॉलसाठी तो केला तर अधिकारी काय अर्थ लावेल, हे महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या आपल्या माणसाने का अजमावून पाहावे? तिथे बोटिम, झूम, टीम्स, गूगल मीट अशा परवानगी असलेल्या ॲपवर बोलणे होते. आईला झूम शिकवायला एक दुपार लागते, आणि ती दुपार द्यावी. सौदी अरेबियाने तर इंटरनेटवरच्या कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्येच उठवली.

चीनमध्येही कायदा आपल्या बाजूने नाही. सरकारची परवानगी नसलेली अशी वाट वापरणे तिथे नियमबाह्य आहे, आणि ग्वांगडोंग प्रांतातल्या एका माणसाला केवळ वापरासाठी १००० युआन दंड झाल्याचे प्रकरण २०१९ च्या सुरुवातीला बाहेर आले. विकणाऱ्यांची शिक्षा याहून फार कडक असते: ग्वांगशीमधल्या एका विक्रेत्याला डिसेंबर २०१७ मध्ये साडेपाच वर्षांची कैद आणि ५ लाख युआन दंड झाला. म्हणून भावाच्या यार्डातल्या सहकाऱ्यांनी पैसे देऊ करून किल्ल्या मागितल्या तेव्हा मी त्याला स्पष्ट नकार द्यायला सांगितले. आमची किल्ली आमच्या घरापुरतीच आहे. जोखीम काय आहे हे भावाला पूर्ण माहीत आहे, आणि निर्णय त्याचा आहे. मी गोव्यात बसून तो त्याच्यावर लादला नाही.

आउटलाइन तुम्हाला अज्ञात ठेवत नाही, हेही लक्षात असू द्यावे. सर्व्हर माझ्या नावावर आहे, माझ्या कार्डावर आहे, आणि ज्या साइटवर भाऊ जातो तिला तो सर्व्हर दिसतो. ज्यांना सरकारपासून ओळख लपवायची आहे, अशा पत्रकारांनी किंवा कार्यकर्त्यांनी टॉरकडे पाहावे. ते वेगळ्या कामाचे साधन आहे आणि चीनमध्ये त्याची वाट बरीच अवघड केलेली आहे. आउटलाइनच्या कोडची तपासणी क्यूअर५३ आणि रॅडिकली ओपन सिक्युरिटी या स्वतंत्र संस्थांनी केलेली आहे, त्यामुळे आतल्या कुलपाविषयी मी निश्चिंत आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की मोफत व्हीपीएनच्या मागे कोण बसले आहे हे आपल्याला कधी कळत नाही. इथे सर्व्हरच्या मागे भावाची सख्खी बहीण आहे.

जाण्याआधी करायच्या गोष्टी गोव्यातच उरकाव्यात, कारण प्ले स्टोअर तिथे उघडत नाही आणि ॲपलने आपल्या चिनी स्टोअरमधून व्हीपीएन ॲप जुलै २०१७ मध्येच काढली आहेत. ॲप फोनमध्ये आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे बसवून घ्यावे, अँड्रॉइडची इन्स्टॉल करण्याची फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी, दोन वेगळ्या सर्व्हरांच्या किल्ल्या आधीच घालून ठेवाव्यात आणि भारतीय सिमचे रोमिंग विमानात बसण्यापूर्वी चालू करून पाहावे. माणूस कायमचा घरी परतला की मॅनेजरमधून सर्व्हर काढून टाकायला विसरू नये, नाहीतर भाडे चालूच राहते.