जिवंत, स्किनलेस, बोनलेस की गावरान? चिकन घेण्याआधीचा हिशेब

चिकनच्या दुकानाबाहेर पाटीवर तीन-चार भाव लिहिलेले असतात: जिवंत, विथ स्किन, स्किनलेस, बोनलेस. सगळ्यात लहान आकडा तो स्वस्त, असं वाटतं आणि तिथंच फसायला होतं. भाव किलोचा असला तरी पैसे वसूल होतात ते ताटात पडलेल्या मांसातून आणि पातेल्यात उतरलेल्या रसातून. म्हणून आधी काय शिजवायचं ते ठरवा, मग कुठलं चिकन घ्यायचं ते.

भाव रोज हलतात आणि गावागणिक वेगळे असतात. खाली धरलेले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून आहेत. त्यांच्या जागी तुमच्या दुकानाचे घाला.

जिवंत की साफ केलेली

समजा जिवंत कोंबडी 150 रुपये किलो आहे. 2 किलोच्या ब्रॉयलरचे 300 झाले. पिसं, आतडी, डोकं, पाय, कातडी गेली की हातात साधारण 1.3 किलो येतं, म्हणजे किलोला 230 रुपये पडले. शेजारी स्किनलेसचा भाव 240 लिहिला असेल तर एवढी घट सोसून वाचले किलोमागे 10 रुपये. फार नाहीत. पण जिवंत वजनाचे पैसे दिले म्हणजे कलेजी, पेटा, मान आणि पाय यांचेही दिलेले असतात. ते मागून घेतले तर जिवंत घेणं खरंच परवडतं: कलेजी-पेट्याचं सुकं एका जेवणाला तोंडी लावायला होतं, पायांचं सूप वेगळं. हे घरात कुणी खात नसेल तर सरळ स्किनलेस घ्या. कुठंही गेलात तरी कोंबडी कापायच्या आधीच विचारायचं, “वजन जिवंत धरणार की साफ केल्यावर?”

विथ स्किनकडे आपल्याकडे लोक उगाच पाठ फिरवतात. साफ केलेल्या कोंबडीत कातडीचं वजन साधारण दहावा भाग असतं. विथ स्किन 200 आणि स्किनलेस 240 असेल, तर घरी कातडी सोलून टाकली तरी 222 रुपयांतच पडतं. रश्श्यासाठी सोलूही नका. कातडीची चरबी मंद आचेवर सुटते, तिच्यातच कांदा परता आणि तेल निम्मं करा. ज्यांना चरबी वर्ज्य आहे त्यांनी अर्थातच सोलावी.

हाडांसकट की बोनलेस

बोनलेस म्हणजे चैन, हा समज हिशेबाला टिकत नाही. स्किनलेस कोंबडीत मांस साधारण दोन तृतीयांश, बाकी हाडं. 240 रुपये किलोनं 1.3 किलोचे 312 झाले आणि त्यातून निव्वळ मांस निघालं 870 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मांसाचा भाव किलोला 360 झाला. दुकानात बोनलेस 360-370 ला मिळत असेल तर ते महाग नाही. प्रश्न एवढाच की हाडांचं तुम्ही काय करणार? चिकन चिली, रोल, कटलेट करायचे असतील आणि हाडं टाकूनच द्यायची असतील तर बोनलेस घ्या, श्रम वाचतील. रस्सा करायचा असेल तर बोनलेसला हातही लावू नका. रश्श्याची चव हाडांतून उतरते. ती नसेल तर मसाला आणि खोबरं वाढवत बसावं लागतं आणि तरी रस्सा पाणचटच लागतो.

ॲपवरून किंवा मॉलमधून पॅकेट घेताना आकडा 500 ग्रॅमचा आहे की 450 चा ते आधी बघा, मग किलोचा भाव काढा. सफाई, दारात येईपर्यंत थंड ठेवणं, घरपोच येणं यांचे पैसे त्यात असतात आणि ते रास्तही आहेत. पण चार-पाच माणसांच्या घरात दर आठवड्याला चिकन होत असेल, तर ओळखीचा चिकनवाला स्वस्तही पडतो आणि हवे तसे तुकडे करून देतो. रश्श्याला मध्यम, बिर्याणीला मोठे, हे समोर उभं राहूनच सांगता येतं.

गावरानचा मोह

ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत 2 किलोच्या आसपास जाते. गावरान कोंबडी पाच-सहा महिने हिंडून-फिरून वाढते, तरी अंगानं बारीकच. भाव बऱ्याचदा दुपटीहून जास्त, मांस कमी, शिवाय शिजायला गॅस जास्त. नुसत्या पोट भरण्याच्या हिशेबात ती कधीच बसणार नाही. पण तिच्या रश्श्याला जी चव येते ती ब्रॉयलरला नाही, हे मी ठामपणे म्हणेन. म्हणून गावरान आणली की सुक्याच्या भानगडीत पडू नका. सगळी रश्श्यात घाला, भरपूर रस्सा ठेवा आणि भाकरी कुस्करून खा. मात्र गावरानच्या नावाखाली वनराज, गिरीराजसारख्या सुधारित किंवा इतर रंगीत जातीही विकल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण त्यांना अस्सल गावरानचा भाव देऊ नका.

अंडी देऊन झालेल्या लेअर कोंबड्या जवळपास मिळत असतील तर एकदा आणून बघा. भाव कमी, मांस चिवट. कुकरच्या चार-पाच शिट्ट्या दिल्या की रस्सा गावरानच्या जवळ जातो.

शिजवताना

कोल्हापूरकडची अळणीची, म्हणजे तिखट-मसाल्याशिवाय चिकन शिजवून त्याचं पाणी काढायची रीत काटकसरीसाठी सगळ्यात चांगली. 1.3 किलोची अख्खी कोंबडी घ्या. कांदा थोड्या तेलावर परतून आलं-लसूण, हळद, मीठ आणि चिकन घाला. झाकणावर पाणी ठेवून अंगच्या रसात वाफवा, मग ते गरम पाणी आत ओतून शिजू द्या. ब्रॉयलर असेल तर कुकर नको, पातेल्यात 20-25 मिनिटांत होतं. कुकरमध्ये तुकडे सुटतात. वरचं अळणी पाणी मुलांना आणि म्हाताऱ्यांना वाटीभर द्या. मांसल तुकडे काढून सुकं करा. मान, पाठ, पंख आणि उरलेलं पाणी वाटणात घालून रस्सा करा. चार माणसांना दोन वेळा पुरतं.

सुकं खोबरं फार महाग झालं असेल तर वाटणात थोडं डाळं घाला. जास्त घातलंत तर रस्सा पिठल्यासारखा घट्ट होईल, तेव्हा चमच्या-दोन चमच्यांवर थांबा. बटाटा घालायला लाजू नका.

आषाढात गटारीच्या सुमारास भाव चढतो, श्रावण लागला की मागणी घटून बहुतेक उतरतो. श्रावण न पाळणाऱ्यांनी तेव्हा दोन कोंबड्या घेऊन एक ठेवावी. पण फ्रीजमध्ये कच्चं चिकन एक-दोन दिवसच, त्यापुढं फ्रीजरमध्येच. एका वेळेला लागेल तेवढ्याच पिशव्या करा. हळद-मीठ लावून ठेवलं तर काढल्यावर काम हलकं होतं. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. जिथं तासन्‌तास वीज जाते तिथं मात्र साठवण्याचा विचार सोडून द्या आणि लागेल तेव्हा अर्धा किलो आणा.