पट्टाया गट सहल: कोरल बेट ते वॉकिंग स्ट्रीट, एका दिवसात

थायलंडच्या गट सहलीत पट्टायाचा एक दिवस जवळपास ठरलेला असतो: सकाळी कोरल बेटावर जलक्रीडा, संध्याकाळी कॅबरे आणि रात्री वॉकिंग स्ट्रीट. पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर आम्ही सहकुटुंब हा दिवस अनुभवला. दिवसाचा पूर्वार्ध मनापासून आवडला, उत्तरार्धाच्या आखणीबाबत मात्र कंपनीला काही सांगावेसे वाटते.

कोरल बेट, म्हणजेच को लार्न, किनाऱ्यापासून सुमारे सात किलोमीटरवर आहे. फेरीबोटीला तिथे पोहोचायला पाऊण तास लागतो, तर गटाला नेणारी स्पीडबोट हे अंतर फार लवकर कापते. पण ती लाटांवर इतकी आदळते की ज्यांना पाठीचा किंवा मणक्याचा त्रास आहे त्यांनी मागच्या बाजूलाच बसावे. वाटेत समुद्रात उभ्या केलेल्या तराफ्यावर पॅरासेलिंग, म्हणजे बोटीने ओढलेल्या छत्रीला लटकून हवेत फिरणे, होते. मालवण-तारकर्लीला बहुधा बोटीवरूनच वर सोडतात आणि बोटीवरच उतरवून घेतात. इथे तराफ्यावरून धावत उड्डाण करायचे आणि एक फेरी मारून तिथेच परतायचे, त्यामुळे रांग भराभर सरकते, पण हवेतला वेळही मोजकाच मिळतो.

या दिवसाचे खरे मोल सी-वॉकमध्ये, म्हणजे समुद्राच्या तळावरून चालण्यात आहे. शिडीवरून गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्यावर खांद्यांवर जड शिरस्त्राण ठेवले जाते. बोटीवरच्या पंपातून नळीवाटे त्यात सतत हवा येत राहते आणि त्या दाबामुळे पाणी हनुवटीच्या वर चढत नाही. चेहरा कोरडा राहतो, चष्मासुद्धा काढावा लागत नाही, पोहता येण्याची तर अजिबात गरज नाही. खाली उतरताना कान दुखू लागले, तर शिरस्त्राणाखालून हात आत घालून नाक दाबायचे आणि हळूच हवा सोडायची, हे आमच्या टूर मॅनेजरने बोटीतच सर्वांकडून करवून घेतले होते. उच्च रक्तदाब, दमा किंवा कानाचा विकार असलेल्यांना त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे वरच थांबवले. तळाशी दोरीला धरून चालताना माशांचे थवे अक्षरशः बोटांमधून जातात. साठी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई, ज्या आयुष्यात कधी पोहल्या नाहीत, वर आल्यावर पुन्हा उतरता येईल का, असे विचारत होत्या.

जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या स्कूटरबाबत मॅनेजरने दिलेला सल्ला प्रत्येकाने पाळावा: चालवायला घेण्यापूर्वी गाडीचे सर्व बाजूंनी चित्रीकरण करावे आणि पासपोर्ट तारण म्हणून देऊ नये, कारण जुन्या ओरखड्यांची भरपाई पर्यटकांकडून मागितल्याच्या तक्रारी पट्टायात वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

दुपारचे भारतीय जेवण साधे आणि गरम होते. हॉटेलवर परतल्यावर विश्रांतीला मात्र जेमतेम तासभर मिळाला आणि खारे अंग धुऊन, मुलांना तयार करून पुन्हा बस गाठताना सगळ्यांचीच दमछाक झाली. कॅबरे पाहण्यासारखा आहे. पट्टायात ही परंपरा 1970च्या दशकापासून चालत आली असून तृतीयपंथी कलावंतांची वेशभूषा, नृत्य आणि रंगमंचावरील शिस्त दाद देण्याजोगी आहे. खेळानंतर त्यांच्याबरोबर छायाचित्र काढल्यास बक्षिसी द्यावी लागते, हे आधी माहीत असावे.

वॉकिंग स्ट्रीटवर संध्याकाळनंतर वाहने बंद असतात. दिव्यांचा झगमगाट आणि रस्त्यावर येणारे संगीत पाहत-ऐकत एक फेरी मारायला हरकत नाही, परंतु दारादारांत उभे राहून दरपत्रके पुढे करणारे दलाल आणि उघडपणे चालणारा देहव्यापार लक्षात घेता लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी ही जागा नाही. आमच्या गटात शाळकरी मुले असूनही सर्वांना एकाच बसमधून तिथे उतरवले गेले, हे मला गैर वाटले. कॅबरेनंतर एक बस थेट हॉटेलवर नेणे कंपनीला सहज शक्य आहे.

दुसरी तक्रार पैशांची. पॅरासेलिंग सहलखर्चात धरले होते, तर सी-वॉक, जेट स्की आणि पाण्याखालील छायाचित्रे यांचे पैसे बेटावर वेगळे भरावे लागले आणि त्यांचे दर तिथे पोहोचेपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. मॅनेजरची काळजी आणि सुरक्षिततेची शिस्त पाहता पुढच्या सहलीलाही आम्ही याच कंपनीबरोबर जाऊ, मात्र ऐच्छिक खर्चाचा छापील तक्ता हाती आल्यावरच आगाऊ रक्कम भरू.