दोन दिवसांचा सिस्टिम इंजिनिअरिंगचा क्लास केला, फी वसूल झाली का ते सांगतो

संभाजीनगरला मागच्या महिन्यात शनिवार-रविवार एक क्लास केला, विषय फंक्शनल डिकंपोझिशन. म्हणजे एखादी सिस्टिम कोणकोणती कामं करते ती फोडत फोडत पार खालपर्यंत लिहून काढायची. क्लासचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी बी आहेत. फी ४,००० रुपये, जेवणासकट. मी वाळूजला एका छोट्या शॉपमध्ये कंट्रोल पॅनल बनवतो, आमच्याकडं ड्रॉइंग येतं तेच पार्टच्या यादीसकट, म्हणून मला वाटायचं हे सगळं विमान-रॉकेटवाल्यांचं काम, आपला काय संबंध. पण मालक अर्धी फी भरतो म्हणला, मग गेलो.

पहिले दोन तास लई बोअर. नासाचं हँडबुक, इनकोसे ही सिस्टिम इंजिनिअर लोकांची संस्था १९९० ची, मग ते कामांचा क्रम दाखवणारे फ्लो ब्लॉक डायग्राम, स्लाईडवर स्लाईड आणि सर नुसतं वाचून दाखवायले. हे घरी पडून मोबाईलवर बी वाचलं असतं राव.

चहानंतर मात्र मजा आली. सर म्हणले, जिच्यापायी तुमच्या घरात भांडणं होतात अशी सिस्टिम घ्या. मी आमच्या गावाकडची मोसंबीची बाग घेतली, अंबड तालुक्यात आहे, ठिबकवर. झटक्यात लिहून मोकळा झालो: विहीर, मोटार, स्टार्टर, सँड फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून घेणारी), वॉल्व, लॅटरल (झाडांच्या ओळीतली बारीक नळी), ड्रीपर. सरांनी कागद बघितला आणि म्हणले, "हे तर दुकानाचं बिल झालं की हो." सगळा वर्ग हसला. मग म्हणले सामानाचं नाव न घेता फक्त काम सांगा, एक नाम आणि एक क्रियापद, बस. ही दोन शब्दांची सवय म्हणे जनरल इलेक्ट्रिकच्या लॉरेन्स माइल्सनं १९४० च्या दशकात व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस (तेच काम कमी खर्चात कसं होईल ते बघायची पद्धत) काढलं तिथली आहे. मग लिहिलं, पाणी उचलणे, पाणी गाळणे, खत मिसळणे, पाणी वाटणे. मध्येच 'मोटार चालू करणे' बी घुसवलं होतं, ते खोडलं. काऊन? तर उद्या टाकी उंचावर बांधली आणि पाणी उतारानं आलं तर झाडाजवळ मोटार कुठंय, पण पाणी वाटणं काही सुटत नाही.

आता खरी गंमत. 'पंप वाचवणे' मी एका ओळीत लिहिलं होतं, सर म्हणले फोडा. फोडलं: फेज तपासणे, सप्लाय तोडणे, लाईट आल्यावर थोडं थांबणे, परत चालू करणे. मग प्रत्येक ओळीपुढं हे कोण करतंय ते लिहायला लावलं. फेजचं प्रिव्हेंटर बघतो (एखादा फेज गेला की मोटार बंद करणारी डबी), परत चालू करायचं ऑटो करतो (लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारा स्विच). आणि 'पाणी संपलेलं ओळखणे'? ही ओळच माझ्या कागदावर नव्हती. गेल्या मे महिन्यात आमच्या काकांची मोटार ह्याच्यातच जळाली होती, रात्री दोनला लाईट आली, ऑटोनं मोटार उचलली, विहिरीत घोटभर पाणी, बघायला कोणीच नाही, सकाळी वाइंडिंगचा वास. आम्ही महिनाभर प्रिव्हेंटरवाल्याला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्या डबीला फेज बघायचं काम दिलेलं, पाणी बघायचं काम कुणाला दिलंच नव्हतं. एवढं कळलं तिथंच माझे पैसे फिटले.

दुसऱ्या दिवशी आयडीईएफ-झिरो, म्हणजे सिस्टिमची कामं चौकोन आणि बाणांनी काढून दाखवायची. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रोग्राममधून आलेली पद्धत, १९९३ ला तिकडं सरकारी स्टँडर्ड बी झाली होती. चौकोनात काम लिहायचं, डावीकडून इनपुट, उजवीकडं आउटपुट, वरून कंट्रोल (काम कसं-कधी करायचं ते ठरवणारं), खालून मेकॅनिझम (ज्यानं काम होतं ते साधन किंवा माणूस), आणि एका पानावर तीन ते सहाच चौकोन. माझी मोटार खालून बाणानं आली आणि लाईटचं टाईमटेबल वरून आलं, ते बरोबरच आहे म्हणा, मराठवाड्यात शेतीला वरून तेच हाकतं.

फोडायचं कुठवर, हे विचारलं तर सर म्हणले काम एका पार्टवर किंवा एका माणसावर टाकता आलं की थांबा. शेजारचा शेंद्र्याचा एक जण 'नट आवळणे' पर्यंत पोचला होता, त्याला हातच धरून थांबवलं.

आता तक्रारी. एन-स्क्वेअर चार्ट, म्हणजे कुठल्या कामाचं कुठल्या कामाशी देणंघेणं आहे ते दाखवणारा तक्ता, १५ मिनिटांत गुंडाळला, आणि मला वाटतं सगळ्यात कामाचा तोच होता. कर्णावर कामं लिहायची, आडव्या रांगेत त्याचं काय बाहेर जातं, उभ्या रांगेत काय आत येतं. फिल्टर चोंदला की पुढं प्रेशर पडतं आणि व्हेंचुरी खत ओढत नाही, पण आपण खत मिसळण्याच्या चौकोनातच बिघाड शोधत बसतो. असलं भांडण त्या चार्टात दिसतं, तर तिथं निदान दोन तास द्यायला पाहिजे होते. दुसरं, लॅपटॉप आणा हे शनिवारी संध्याकाळी सांगितलं, आणि आणला तरी सॉफ्टवेअरची ट्रायल उघडलीच नाही, शेवटी चार्टपेपरवर केलं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त बरं झालं. तिसरं, दुपारी दीड तास लाईट गेली, ना इन्व्हर्टर ना जनरेटर, सगळे वह्यांनी वारा घ्यायले. जेवण चांगलं, भाकरी-पिठलं आणि ठेचा. चहा पाण्यासारखा.

पॅनल, मशीन, ऑटोमेशनवाल्यांनी जावं, नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर ४,००० जास्त आहेत. ५ पैकी साडेतीन. पहिल्या दिवशी चहानंतर गेलं तरी चालतं, पेन्सिल आणि खोडरबर घरून न्या, तिथं वीस जणांत एकच होतं.