परदेशी क्रमांकाचा एक मिस्ड कॉल आणि ५,२०२ रुपये ६२ पैशांचे बिल

दरमहा ५२९ रुपये ८२ पैसे येणारे माझे मोबाईलचे बिल या वेळी ५,२०२ रुपये ६२ पैसे आले. वरचे ४,६७२ रुपये ८० पैसे +२१६ ने सुरू होणाऱ्या एकाच क्रमांकावर केलेल्या १४, १९ आणि ११ मिनिटांच्या कॉलचे आहेत. दर मिनिटाला ९० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. एक घंटी देऊन फोन ठेवायचा आणि उलट फोन करणाऱ्याला महागड्या क्रमांकावर अडकवून ठेवायचे, हा प्रकार बहुतेकांच्या कानांवर आहे. माझ्याही होता. तरीही मी फोन का लावला हे सांगणे भाग आहे, कारण बिल पाहणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो.

माझा मुलगा बोटीवर आहे. ज्यांच्या घरचे माणूस बोटीवर किंवा आखातात आहे, त्या गोव्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे की फोन कुठल्या क्रमांकावरून येईल याचा नेम नसतो. बंदर बदलले की सिमकार्ड बदलते आणि कित्येकदा सोबत्याच्या फोनवरून बोलावे लागते. चवथीच्या आदल्या रात्री त्याची बोट भूमध्य समुद्रात होती आणि +२१६ हा त्याच समुद्राच्या काठावरच्या ट्युनिशियाचा कोड आहे. मध्यरात्री एकच घंटी वाजून फोन बंद झाला, तर कोणती आई तो क्रमांक तसाच सोडून देईल?

पलीकडे घंटी वाजत राहिली, मग संगीत लागले, मग इंग्रजीत थांबण्याची सूचना झाली आणि पुन्हा घंटी सुरू झाली. कोणीतरी मुलाला बोलवायला गेले असेल, असे मला वाटले. खरे तर सगळे तिथेच कळायला हवे होते. घंटी वाजत असताना माझ्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, आणि पलीकडे फोन उचलल्याशिवाय ही मोजणी सुरू होत नाही. ती घंटी म्हणजे उचललेल्या फोनवर लावलेले ध्वनिमुद्रण होते. ०:४०, ०:४१ हे आकडे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, हे आठवले की आजही संताप अनावर होतो. घंटी आणि मोजणी एकत्र चालू दिसली, तर त्याच क्षणी फोन तोडा.

कंपनीच्या गॅलरीत उत्तर मिळाले की कॉल तुमच्याच हँडसेटवरून गेला आहे, तेव्हा पैसे भरावेच लागतील. डेटा निम्मा संपला की तत्परतेने संदेश पाठवणाऱ्या या कंपनीला, नेहमीच्या जवळजवळ दहापट रक्कम चढत असताना एक संदेश पाठवता आला नाही. १९८ या तक्रार-क्रमांकावर फोन करून नोंदवलेली तक्रार कोणतेही कारण न देता ‘निकाली’ निघाली. पोलिस ठाण्यात सांगण्यात आले की बँकेतून पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे ही फसवणूक नसून बिलाचा वाद आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. म्हणजे त्या क्रमांकामागच्या माणसाला कॉलच्या पैशातला वाटा मिळणार, वसुली इथली कंपनी करणार आणि ग्राहकाने एका दारातून दुसऱ्या दारात फिरायचे, ही कुठली व्यवस्था? शेवटी कंपनीने, तक्रार मागे घेतल्यास १,००० रुपये सूट देऊ, असे कळवले. आकारणी योग्य असेल तर सूट कशाची? मी ती नाकारली.

तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि कॉलनिहाय तपशिलाचे बिल मागून घ्या. तक्रारीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. गॅलरीत हे कोणीही आपणहून सांगत नाही. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे कोणी म्हटले तर ऐकू नका; सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. माझे अपील दाखल झाले असून आयोगासाठीचे कागदही तयार आहेत.

आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावण्याची सुविधा, मात्र आजच बंद करून घ्या. ती बंद केल्याने फक्त इथून परदेशी जाणारे कॉल थांबतात; बोटीवरून आणि आखातातून येणारे फोन येतच राहतात.